फोर बाय फोर घेतली, आता पुराच्या पाण्यात किती खोलपर्यंत घालायची?

नदीकाठ | ८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. पाऊस लागला की शहराकडचा रस्ता दोन ठिकाणी पाण्याखाली जातो. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, कोल्हापुरात. २०२१ च्या जुलैत तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधून बाहेर काढलं, पुढं बोटीतनं. ती खुर्ची मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. परत ती वेळ नको म्हणून मार्चमध्ये महिंद्राची जुनी थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, २०२१ चंच मॉडेल.

कंपनी सांगते ६५० मिलिमीटर पाण्यातनं जाते. आमच्या रस्त्यावर पहिल्या दिवशी गुडघाभर, दुसऱ्या दिवशी मांडीभर, तिसऱ्या दिवशी विचारूच नका. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला उंचावरनं हवा देणारी नळी, बसवलं तर कंबरभर पाण्यातनं जाता येईल का? ज्यांनी प्रत्यक्ष घातली आहे त्यांनी सांगा. व्हिडिओ बघून माझं डोकं फिरलंय, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कटिंगचहा | ८ जून, रात्री ९.५८

६५० म्हणजे दोन फूट दीड इंच. आधी टेप घेऊन स्वतःच्या पायावर खूण करून बघा. माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर येतंय.

नोझल | ८ जून, रात्री ११.२०

भावा, गाडी चांगली घेतलीस. उद्यमनगरात सत्तावीस वर्षं डिझेलचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तुझं इंजिन २१८४ सीसीचं, चार सिलिंडर. पिस्टन पार वर आला की एका सिलिंडरमध्ये जागा उरते साधारण पस्तीस मिलीच्या आसपास. अर्धं कटिंग म्हण. तेवढं पाणी हवेच्या पाइपातनं आत गेलं की पिस्टन मध्येच अडतो, मागनं फ्लायव्हीलचा जोर येतच असतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ च्या पुरानंतर एका गाडीचा रॉड काढून चांगल्या रॉडशेजारी फरशीवर ठेवला होता. दोन्हीत फरक काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा. गिऱ्हाइकाला दिसेना, मग फरशीवर दोन्ही लोळवून दाखवले तेव्हा पटलं. तेवढ्या वाकासाठी अख्खं इंजिन खाली घ्यावं लागलं.

त्या पुरानंतर माझ्याकडं आलेल्या निम्म्या गाड्या पाण्यात बिघडलेल्याच नव्हत्या. पाण्यात नुसत्या बंद पडल्या होत्या. नंतर मालकानं सेल्फ मारला आणि तिथं रॉड गेला. म्हणून हे घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा: पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एकदा पण नाही. ओढून बाहेर काढायची, एअर फिल्टर खोलून बघायचा. ओला असेल तर नोझल काढून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी वरनं उडून जातं. मग ऑईल बघायचं, मगच पुढचं.

स्नॉर्केलनं इंजिन श्वास उंचावरनं घेतं, एवढंच. गाडीचं बाकी सगळं आहे तिथंच राहतं, अल्टरनेटर, सेन्सर, वायरिंगचे कपलर. आणि बसवताना एखाद्या जोडाला सील नीट बसलं नाही तर पाणी तिथनंच ओढणार. मी बसवून देतो, पण बसवल्यावर वरचं तोंड हातानं दाबून इंजिन बंद पडतंय का ते बघतो. पडलं नाही तर कुठंतरी गळती आहे.

डिफरन्शिअलचं, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, उद्या लिहितो, डोळे मिटायला लागले.

लाल_माती | ९ जून, सकाळी ७.०५

नोझलदादांचं बरोबर आहे, पण एवढं घाबरवू नका त्याला. मी गगनबावड्याकडं ओढ्यांतनं पाच पावसाळे गाडी घालतोय. फोर्सची गुरखा आहे माझी, कंपनीचंच स्नॉर्केल, ७०० मिलिमीटर. पद्धत नीट असली तर अडचण येत नाही.

काठावर थांबायचं, गाडी जरा थंड होऊ द्यायची. एसी बंद, म्हणजे रेडिएटरचा पंखा उगाच फिरणार नाही. पंख्याचं पातं पाण्यात फिरलं की पुढं वाकतं आणि रेडिएटरला भोक पाडतं. मग फोर-लो (चारही चाकांना जोर, पण वेग कमी), दुसरा गिअर, आणि आत शिरताना अगदी सावकाश. पाणी बंपरला लागलं की चालत्या माणसाचा वेग. पुढं एक लाट तयार होते, तिच्या मागं बॉनेटखाली पाण्याची पातळी खाली जाते. त्या लाटेच्या मागं मागं जायचं. जोरात गेलात तर पाणी बॉनेटवर चढतं, थांबलात तर लाट परत अंगावर येते. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबला की प्लेटवर पाणी जातं. बॉनेटच्या तोंडावर ताडपत्री बांधली तर आणखी बरं.

पलीकडं गेल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवा, कोरडा होईपर्यंत ब्रेक धरत नाही.

आईसाठी गाडी घेतलीस, लई भारी वाटलं वाचून. नक्की जमेल.

नोझल | ९ जून, सकाळी ९.१५

लाट, लो गिअर, ताडपत्री, सगळं बरोबर लिहिलंय लाल मातीनं. आता डिफचं.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालली की डिफरन्शिअल तापतं. तापलेलं घर थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढते. त्याला श्वास घ्यायला एक बारकी नळी असते, ब्रीदर. तो पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत. गाडी पलीकडं जाते, माणूस खूश. महिन्याभरानं मागनं आवाज यायला लागतो. प्लग खोलला की ऑईलऐवजी दुधाचा चहा बाहेर येतो. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला रबरी पाइप लावून बॉनेटच्या वरच्या भागात नेऊन बांधायचा. पुढचं डिफ, मागचं डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चारही. स्नॉर्केलच्या आधी हे करा.

भैरोबाचा_माळ | ९ जून, दुपारी १.३०

सगळं वाचलं. लाल माती, तुमचा ओढा आणि आमची नदी एक नाही. ओढ्याचा तळ दगडी, पाणी गढूळ असलं तरी काठ दिसतो, आणि पाच-दहा मीटरचा विषय. पुराच्या रस्त्यावर दोनशे-तीनशे मीटर पाणी असतं आणि रस्ता कुठं संपला, गटार कुठं चालू झालं ते कळत नाही.

मी पूर आला की गावच्या पोरांबरोबर बचावाला असतो. काही वर्षांमागं आमच्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर एक जीप अडकली. बंधाऱ्यावर पाणी फूटभरापेक्षा जरा जास्त. दहा मिनिटांआधी एक मोटरसायकलवाला पलीकडं गेलेला त्यानं बघितला होता, म्हणून घातली. फोर बाय फोर होती, लो मध्ये टाकली होती, वेग पण बरोबर होता. मध्यावर गेल्यावर गाडी हळूच आडवी सरकायला लागली. चाकं फिरतायत, गाडी पुढं पण जातेय आणि खालच्या अंगाला पण जातेय. बंधाऱ्याला कठडा नसतो. खालच्या बाजूचं मागचं चाक कडेवरनं सुटलं आणि चेसिस स्लॅबवर टेकली, म्हणून ती तिथं राहिली.

ट्रॅक्टर लावून, वायरोपनं, पाऊण तासात काढली. चालवणाऱ्याला खिडकीतनं बाहेर घेताना त्याची बोटं स्टिअरिंगवरनं सुटेनात. एकेक बोट उघडावं लागलं मला. बाहेर आल्यावर तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "गाडी तरंगली हो, गाडी तरंगली."

नदीकाठ, तुझ्या रस्त्यावरचं पाणी थांबलेलं असतं का आडवं वाहतं? आधी हे सांग. खोली नंतर.

नदीकाठ | ९ जून, दुपारी २.१०

पहिल्या ठिकाणी थांबलेलं असतं, शेतातनं फुगून येतं. दुसऱ्या ठिकाणी मोरी आहे, तिथं आडवं वाहतं. ऊस असतो दोन्ही बाजूला, तरी ओढ जाणवते.

भैरोबाचा_माळ | ९ जून, दुपारी २.१८

मग तुझा प्रश्न त्या मोरीचा आहे.

फळा_खडू | ९ जून, सायंकाळी ६.४५

गाडी तरंगली हे त्या माणसाला उगाच वाटलं नव्हतं. पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून ढोबळ गणित मांडून बघितलं.

थार साधारण १७५० किलो धरा. चाकांच्या कमानी वगळल्या तर बॉडीचा तळ ६ चौरस मीटरच्या आसपास, आणि तो जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. पाणी कंपनीनं सांगितलेल्या ६५० मिलिमीटरवर आलं म्हणजे बॉडी १५ सेंटिमीटर बुडाली. सहा गुणिले ०.१५ म्हणजे ०.९ घनमीटर पाणी बाजूला सारलं. पाण्याचं वजन घनमीटरला १००० किलो. म्हणजे ९०० किलोचा उचल. गाडीच्या आत पाणी शिरेपर्यंत चाकांवर वजन उरलं फक्त ८५० किलो, निम्म्याहून कमी.

आता चिखल बसलेल्या ओल्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या तीन दशांश धरली तर २५० किलोच्या आसपास रेटा गाडी सहन करेल. पाणी सेकंदाला १ मीटरनं आडवं येत असेल तर रेटा साधारण ७० किलो, गाडी टिकते. २ मीटरनं आलं तर दुप्पट नाही, चौपट होतो, २७० च्या पुढं. गाडी सरकली. सेकंदाला २ मीटर म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडंसंच जास्त. डोळ्याला ते पाणी काही फार जोराचं वाटत नाही.

चारही चाकं फिरतात म्हणून पकड मिळते हे खरंच आहे, पण ती पकड वजनातनं येते. वजनच पाण्यानं उचलून घेतलं तर चार चाकं फिरून काय करणार? कंपनीचा आकडा थांबलेल्या पाण्याचा आहे हे विसरू नका.

लाल_माती | ९ जून, सायंकाळी ७.३०

सर, हे गणित मी कधी केलंच नव्हतं. ओढ्यात एकदा मागचा भाग हलका होऊन सरकल्यासारखं झालं होतं, मला दगड निसटला असं वाटलं होतं. आज कळलं काय झालं होतं ते. सकाळचं माझं "नक्की जमेल" मागं घेतो.

हायवेचा_राजा | ९ जून, रात्री १०.००

२०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हा मी ट्रक घेऊन पुण्याच्या बाजूला अडकलो होतो. चहावाल्याचं दूध संपलं, मग साखर संपली, मग तो आमच्याबरोबर बसून राहिला. गावातल्या बायकांनी भाकरी आणून दिल्या रोज. कुठल्या गावच्या त्या सांगितलं होतं, मी विसरलो, त्याचं वाईट वाटतं.

पाणी उतरायला लागल्यावर आधी जड गाड्या सोडल्या, पाण्याचे टँकर, गॅसचे, इंधनाचे. कारवाले ओरडत होते, आमच्या गाड्या उंच आहेत, आम्हाला का नाही म्हणून. सरांचं गणित वाचून त्यांना उत्तर मिळेल. भरलेला ट्रक पाण्याला दबत नाही. रिकामा मी पण घातला नसता.

ऊसतोड | ९ जून, रात्री १०.२५

म्हणूनच पुरात ट्रॅक्टर चालतो. बॉडीच नाही तर पाणी उचलणार काय? मागची चाकं माणसाच्या छातीएवढी, सायलेन्सर बॉनेटच्या वर, जुन्या ट्रॅक्टरला सेन्सर नाहीत. आमच्या आण्णांनी चाकात पाणी भरून ठेवलंय, पेरणीसाठी भरलं होतं, ते पुरात पण कामाला येतं. पण ट्रॉली तरंगते हां. रिकामी ट्रॉली लावून पुरात जाऊ नका, ती ट्रॅक्टरला पण घेऊन जाईल.

तांबडा_पांढरा | ९ जून, रात्री १०.४०

आमची म्हैस फोर बाय फोर आहे आणि स्नॉर्केल जन्मापासनं बसवलेलं आहे. नाक तेवढं वर ठेवून पोहते.

भैरोबाचा_माळ | ९ जून, रात्री १०.५२

तांबडा, हसू आलं, पण म्हशीकडनं शिकण्यासारखं आहे. ती पाय टाकण्याआधी तळ चाचपते. नाही पटलं तर कितीही मारा, हलत नाही. २०१९ ला चिखली-आंबेवाडीकडची जनावरं सोनतळीला नेताना एक म्हैस रस्त्यातच अडून बसली होती. पुढं काठी टाकून बघितलं तर रस्ता खचलेला. तसंच गाडीचं. काठी घेऊन आधी चालत जायचं, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या दोघांकडं. जिथं चालत उभं राहवत नाही तिथं गाडी घालायची नाही. रात्री तर नाहीच.

कोरा_कागद | १० जून, सकाळी ८.३०

विम्याचं कुणी बोललं नाही. साध्या पॉलिसीत पाण्यात इंजिन चालवून झालेलं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. माझा दावा याच कारणानं नाकारला गेला होता. पावसाआधी पॉलिसीचा कागद वाचून घ्या.

शुभ्र_जास्वंद | १० जून, दुपारी १२.१५

नदीकाठ दादा, मी गाडीतलं काही जाणत नाही. माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस चार वर्षं केलं, म्हणून लिहिते.

एक वेळ चुकली तर अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतं. दम लागायला लागतो, आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. हे तुम्हाला माहीतच असेल. म्हणजे तुमच्याकडं पाणी बघत बसायला वेळ नसतो, आणि नेमक्या अशाच वेळी माणूस नको तिथं गाडी घालतो. २०२१ ला आम्ही तेच करत होतो. ह्यांनी रात्री दोनला चावी हातात घेतली होती. सासरे म्हणाले, "मी नाही बसणार, उजाडू दे." ह्यांनी ते ऐकलं नसतं तर काय झालं असतं, मला अजून विचार करवत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही ठरवून टाकलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठायची वाट बघायची नाही. ३५ झाले आणि वरती पाऊस चालू असला की सासरे माझ्या माहेरी, राजारामपुरीत. धोक्याची पातळी ४३ ची आहे, पण आजारी माणसासाठी ती खूप उशिराची आहे. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातनं १४२८ क्युसेक. रात्री आपण झोपलेलो असताना उघडले तर सकाळी रस्ता वेगळाच असतो.

डायलिसिसच्या ठिकाणी आधी सांगून ठेवा की पाणी वाढलं तर आम्ही एक दिवस अलीकडं येऊ. डॉक्टरांना विचारून पुराच्या दिवसांतलं पाण्याचं आणि जेवणाचं पथ्य लिहून घ्या. तुमच्या आईंना शहरात कुणाकडं ठेवता येईल का?

नदीकाठ | १० जून, रात्री ९.००

ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला ट्रॉलीतली खुर्ची चालंल, पण तू मोरीवर गाडी घालायची न्हाईस." बहीण शाहूपुरीत असते, पण तिथं पण पाणी येतं, म्हणून मावशीकडं रुईकर कॉलनीत बोललो. ती उलट रागावली, आधी का सांगितलं नाहीस म्हणून.

आज संध्याकाळी मोरीवर जाऊन टेप धरला. मोरीच्या अलीकडं विजेचा खांब आहे, त्याच्यावर रस्त्यापासून मोजून तीन पट्टे मारले. एक फुटाला पांढरा, दीडला पिवळा, दोनला लाल. मोरीवर वाहतं पाणी पांढऱ्याला टेकलं की गाडी बंद. थांबलेल्या पाण्यात पिवळ्यापर्यंत, तेही पुढं माणूस चालत असेल तर. सर, भैरोबा, हे बरोबर होईल का?

फळा_खडू | १० जून, रात्री ९.२०

वाहत्या पाण्यात एक फूट हे मलाही जास्तच वाटतं. पाणी दिसायला लागलं की थांबलात तर उत्तम. थांबलेल्या पाण्यात दीड फूट ठीक, चाकांवर वजन राहतं.

भैरोबाचा_माळ | १० जून, रात्री ९.३५

मोरीवर पांढरा पट्टा अर्ध्या फुटावर घे. आणि पाण्यात शिरताना सीटबेल्ट काढलेला, दोन्ही दारांच्या काचा खाली. पाण्यात काचेची मोटर बंद पडली तर काच खाली येत नाही, आणि दार पण उघडत नाही, बाहेरनं पाण्याचा दाब असतो. काच खाली असली की खिडकीतनं टपावर जाता येतं. आणि आई गाडीत असताना पाण्यातनं पहिली फेरी नको. आधी रिकामी जाऊन, परत येऊन बघायचं.

नोझल | १० जून, रात्री १०.०५

शनिवारी गाडी घेऊन ये, सकाळी दहाच्या आत. चारही ब्रीदर वर घेऊ. स्नॉर्केल राहू दे, तुझ्या पट्ट्यांच्या हिशोबानं ते लागत नाही. पैसे वाचतील ते मावशीकडं किराणा भर.

नदीकाठ | १९ जुलै, सायंकाळी ५.५०

धागा वर काढतोय. आज सकाळी राजाराम बंधाऱ्यावर ३६ फूट. आईला परवाच मावशीकडं सोडलं, रस्ता कोरडा असताना. कालचं डायलिसिस वेळेवर झालं. मोरीवर आज दुपारी पाणी आलं, अर्ध्या फुटाचा पांढरा पट्टा दिसत नाही, पिवळ्याला अजून लागलेलं नाही. गाडी मोरीच्या अलीकडं माळावर लावली आहे.

मधल्या थांबलेल्या पाण्यातनं दोनदा गेलो, गोठ्यावर वैरण पोचवायला. फूटभर होतं. पुढं चुलतभाऊ काठी घेऊन चालत होता, मी फोर-लो दुसऱ्यात त्याच्या मागनं. बंपरसमोर ती लाट दिसली, लाल माती, तुम्ही लिहिली होती तशीच.

लाल_माती | १९ जुलै, सायंकाळी ६.१०

वाचून बरं वाटलं भावा. आईंना नमस्कार सांग.

नोझल | १९ जुलै, सायंकाळी ६.३२

मागच्या डिफचा प्लग खोलून बघितलास का?

नदीकाठ | १९ जुलै, सायंकाळी ७.१५

आत्ता बघितला. बोट घातलं, ऑईल मधासारखं आहे.